साडेसहा टक्क्यांचा मुलगा

ईस्टरआधीच्या उपासकाळातला दुसरा रविवार आणि नणंद वालबुर्गाचा नामदिन, म्हणजे तिच्या नावाच्या संतिणीचा दिवस, यंदा एकाच दिवशी आले, तेव्हाच इर्मगार्डला वाटलं होतं की देवाला आपली परीक्षा घ्यायची आहे.

उपास सुरू होतात त्या राखेच्या बुधवारी तिनं नेम धरला होता. ईस्टरपर्यंत नणंदेला उलट बोलायचं नाही. दरवर्षी ती गोड सोडायची. यंदा पाद्रीबाबा म्हणाले, "जे सोडणं खरंच जड जाईल ते सोडा," आणि तिच्या डोळ्यांपुढे चॉकलेट आलंच नाही, थेट वालबुर्गा आली. नेम मनातच ठेवायचा होता, पण एवाल्डला सांगून बसली. तेव्हापासून नवरा तिच्याकडे असा बघत होता, जसा तो शिकाऊ पोराच्या हातात पहिल्यांदा स्टिअरिंग दिल्यावर बघायचा. सारा जन्म त्यानं लोकांना गाडी शिकवण्यात घालवला होता आणि निवृत्त झाल्यावर उरलेलं सगळं शिकवायला सुरुवात केली होती.

आता कुटुंबातले पाचही जण वालबुर्गाच्या टेबलाभोवती बसले होते. हेच घर येत्या एप्रिलात इर्मगार्डच्या मुलाचं, योस्टचं व्हायचं होतं. वालबुर्गा चर्चशेजारी वृद्धांसाठी बांधलेल्या इमारतीत दोन खोल्यांत जाणार होती. घराचे तीन लाख दहा हजार युरो ठरले होते आणि त्यातला पैन्‌पै त्या दोन खोल्यांत जायचा होता. म्हणून भाच्यासाठी एकदा कमी केलेली किंमत तिला पुन्हा कमी करता येत नव्हती. योस्ट आणि त्याची बायको आनिका यांना भाड्याचं घर एप्रिलअखेर सोडायचं होतं; मालकाचा मुलगा तिथे राहायला येत होता. सगळं कसं देवानं जुळवून आणल्यासारखं होतं.

"नोटरीकडून खरेदीखताचा मसुदा आला," आनिका म्हणाली. ती मूळची ब्रेमेनची, दंतवैद्याकडे हिशेब बघायची, आणि वाईट बातमी केक कापायच्या आधी सांगून मोकळी व्हायची. "मी फोन केला त्यांच्या कचेरीत. आपल्याला घरखरेदीचा कर लागणार आहे."

"कोण म्हणतं?" एवाल्डनं काटा खाली ठेवला. "घरातल्या घरात कर लागत नाही."

हे वाक्य या टेबलाला पाठ झालं होतं. योस्टनं पहिल्यांदा घराची इच्छा बोलून दाखवली तेव्हापासून प्रत्येक वाढदिवसाला, प्रत्येक ईस्टरला एवाल्डनं ते म्हटलं होतं, आणि दर वेळी बोट वर करून.

"आईबापांकडून मुलांनी घेतलं तर लागत नाही," आनिका शांतपणे म्हणाली. "आजोबांकडून नातवानं घेतलं तर नाही. जावयाला नाही, सुनेलाही नाही. आत्याकडून भाच्यानं घेतलं तर लागतो. साडेसहा टक्के."

"भाचा म्हणजे काय घरातला नाही?"

"सरकारच्या घरातला नाही, बाबा."

योस्टनं मनात गुणाकार केला. "वीस हजार?"

"वीस हजार दीडशे."

"ते दीडशे तरी सोडतील," एवाल्ड म्हणाला.

बँक घरापुरतं कर्ज देत होती, वरखर्चाला छदाम नाही. वरखर्च म्हणून दोघांनी जे साठवलं होतं ते नोटरीला, सरकारदरबारी नाव चढवायला, सामान हलवायला आणि गळक्या नळांना वाटून टाकलं होतं. आनिकानं सुट्टी सोडली होती. योस्टनं नवी सायकल सोडली होती. कराचा खण मात्र रिकामा ठेवला होता, कारण घरातल्या घरात कर लागत नाही.

"नोटरीच्या कचेरीतल्या बाई म्हणाल्या," आनिका पुढे म्हणाली, "की ही चूक फार लोक करतात. प्रत्येक घरात म्हणे असं छातीठोक सांगणारा एक काका असतो."

एवाल्डनं कपात साखर घातली. ती तो कधीच घालत नसे.

वालबुर्गानं केक कापून वाढला आणि सुरी जाळीदार रुमालावर ठेवली. पंचाहत्तरी ओलांडली तरी तिचा आवाज अजून प्रार्थनेत पुढे गाणाऱ्या बाईचा होता, हळू पण शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

"मग मी योस्टला दत्तक घेते," ती म्हणाली. अगदी 'मग मी आणखी कॉफी ठेवते' म्हणावं तसं.

इर्मगार्डचं तोंड उघडलं. नेम आठवला. तिनं उघडलेल्या तोंडात केकचा आख्खा तुकडा कोंबला.

"आत्या, मी अडतीस वर्षांचा आहे," योस्ट म्हणाला.

"मला माहीत आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी मीच धरला होता तुला. मोठ्या माणसालाही दत्तक घेता येतं. आमच्या महिला मंडळातल्या एकीनं घेतला पुतण्याला. तो मुलगा झाला की त्यालाच घर विकायचं, म्हणजे कर नाही. इर्मगार्ड, आवडला का गं केक? घे की अजून."

इर्मगार्डनं मान हलवली आणि दुसरा तुकडा घेतला. बदामाचा थर जाड होता, चावायला वेळ लागत होता, आणि त्याबद्दल तिनं देवाचे आभार मानले.

आनिकाच्या डोळ्यांत मात्र चमक आली. "हे होऊ शकतं. त्या बाईपण बोलल्या होत्या असं काहीतरी. फक्त न्यायालयात जावं लागतं. दोघांत खरोखर आई-मुलाचं नातं आहे असं न्यायाधीशाला पटावं लागतं."

"पटवू!" एवाल्ड उठलाच. ज्या खड्ड्यात आपण सगळ्यांना घातलं त्यातून बाहेर पडायचा रस्ता समोर दिसत होता, आणि रस्ता दिसला की तो शिकवायला लागायचा. "परीक्षेआधी सराव लागतो. मी न्यायाधीश. योस्ट, ताठ बस. ताई, तू त्याच्या शेजारी. शेजारी म्हणजे आईसारखी शेजारी."

तो दिवंगत मेहुण्याच्या उंच पाठीच्या खुर्चीत जाऊन बसला आणि केक उचलायची चपटी पळी त्यानं टेबलावर दोनदा आपटली.

"अर्जदार, तुम्ही या बाईंना किती वेळा भेटता?"

"दर रविवारी," योस्ट म्हणाला.

"कशासाठी?"

"केकसाठी."

"अरे केक म्हणू नकोस! नापास झालास. ओढीनं येतो म्हण."

"ओढीनं येतो. केकच्या."

आनिकाला हसू फुटलं. वालबुर्गानं तिच्याकडे असं बघितलं की हसू तिथेच थिजलं. प्रोटेस्टंट मुलगी असली तरी आनिकाला ती कॅथलिक नजर कळायची.

"बाईंची प्रकृती कशी आहे?" न्यायाधीशांनी विचारलं. "मुलाला माहीत असतं."

"चांगली आहे," योस्ट म्हणाला.

"पित्ताशय काढलंय," इर्मगार्ड तोंडातला घास सावरत म्हणाली. हे काही उलट बोलणं नव्हतं, माहिती होती. "गेल्या वर्षी सप्टेंबरात. आणि रक्तदाब आहे. सकाळी पांढरी गोळी, रात्री अर्धी गुलाबी."

"हं. बाईंच्या बुटांचा नंबर?"

योस्टनं टेबलाखाली वाकून बघितलं.

"एकोणचाळीस," इर्मगार्ड म्हणाली. "डाव्या पायाला चाळीस. म्हणून चाळीसच घ्यायचे आणि उजव्यात कापूस घालायचा."

"बाईंना कशाची भीती वाटते?"

"आत्याला? कशाचीच नाही," योस्ट म्हणाला.

"लिफ्टची," इर्मगार्ड म्हणाली. "रुग्णालयात पाचवा मजला असला तरी आम्ही जिन्यानं जातो."

वालबुर्गा भावजयीकडे बघत होती. तिच्या मनात काय आलं ते तिला स्वतःलाच नीट कळलं नाही. डॉक्टरकडे नेणारी, चष्म्याचा नंबर लक्षात ठेवणारी, जिन्यात दर मजल्यावर 'वन्सं, जरा टेका' म्हणणारी ही बाई तिच्या हिशेबात आजवर 'एवाल्डची बायको' एवढीच होती.

"मी म्हणतो," एवाल्ड सावकाश म्हणाला, "ताईनं योस्टला कशाला घ्यायचं? इर्मगार्डलाच दत्तक घ्यावं!"

"खरं म्हणजे तेही चालेल," आनिका म्हणाली. "आई यांच्या मुलगी झाल्या की योस्ट आपोआप नातू. नातवालाही कर नाही."

इर्मगार्डला ठसका लागला. असा लागला की योस्टनं पाठ थोपटली, आनिकानं पाणी दिलं आणि वालबुर्गानं सवयीनं क्रॉसची खूण केली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तोंड लाल झालं होतं, तरी शब्द एक नाही.

"आई, तुम्ही आज काहीच का बोलत नाही?" आनिकानं विचारलं.

"नेम आहे तिचा," एवाल्ड म्हणाला, आणि बोलून गेल्यावर जीभ चावली.

"कसला नेम?" वालबुर्गानं विचारलं.

"तुला... म्हणजे... कोणालाच उलट बोलायचं नाही. ईस्टरपर्यंत."

वालबुर्गाच्या कपाळावर आठी आली. देवाधर्मात ढिलाई तिला चालत नसे, पण चुकीचा कडकपणाही चालत नसे. "पण आज रविवार आहे," ती म्हणाली. "रविवार उपासात धरत नाहीत. तुला कोणी शिकवलं नाही का? रविवार वगळले तरच उपासाचे चाळीस दिवस भरतात. आज तू मोकळी आहेस."

"मोकळी?" इर्मगार्डनं खोल आवाजात विचारलं.

"रात्री बारापर्यंत."

इर्मगार्ड पाणी प्यायली. तिनं रुमालानं ओठ टिपले. केकची ताटली बाजूला सारली.

"वन्सं," ती म्हणाली, "माझा मुलगा म्हणजे काय तुम्हाला सवलतीचं कूपन वाटलं?"

"इर्मगार्ड—"

"थांबा, मला बारापर्यंतच वेळ आहे. नऊ महिने माझे, कळा माझ्या, गोवर-कांजिण्या माझ्या, आणि आता साडेसहा टक्के वाचवायला मुलगा तुमचा? आणि अहो, तुम्ही! बायकोला नणंदेची लेक करायला निघालात! म्हणजे तुम्ही बहिणीचे जावई! हे घराणं आहे की पत्त्यांचा डाव?"

"कायद्यानं बसतं," एवाल्ड पुटपुटला.

"तुमचा कायदा बघितला मी. त्याचीच किंमत वीस हजार दीडशे आहे."

"मी हिसकावून घेत नाहीये गं त्याला," वालबुर्गा म्हणाली.

"तेव्हाही हेच म्हणाला होतात."

'तेव्हा' म्हणजे केव्हा ते आनिका सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. एवाल्डनं पळी खाली ठेवली.

योस्टला आत्याच्या या घरी काढलेल्या त्या हिवाळ्यातलं फार थोडं आठवत होतं. वरची छोटी खोली. उतरत्या छपराला डोकं आपटायचं ती जागा. दुधाचा पेला. तो चार वर्षांचा होता, धाकटं बाळ जन्मून तीन दिवसांत गेलं होतं, आणि आई 'बरी नाही' असं सगळे सांगायचे.

"मी पडून होते," इर्मगार्ड म्हणाली. आता आवाज चढलेला नव्हता. "सगळा हिवाळा. उठवत नव्हतं. एक दिवस उठले आणि चालत इथे आले, याला बघायला. या जिन्यात उभी होते मी. वरून हा म्हणाला, 'आई, पाणी.' मी पायरीवर पाय टाकला, तर तुम्ही स्वयंपाकघरातून म्हणालात, 'आले रे राजा.' मी तशीच परत गेले."

वालबुर्गाचे हात मांडीवर होते. जपमाळेचे मणी मोजायच्या सवयीनं अंगठा बोटांवरून फिरत होता.

"दर वेळी सांगायचे त्याला," ती म्हणाली. "मी आत्या आहे रे, आई घरी आहे, आई येणार आहे. रोज सांगायचे. त्या दिवशी त्याला ताप होता." ती थांबली. "आणि मलाही ऐकायला बरं वाटलं. देवानं मला दिलं नाही ते कोणी हाक मारून दिलं. तू जिन्यात होतीस हे मला आज कळतंय."

"मला एवढंच माहीत होतं की इथे खाली उतरायला नको वाटायचं," योस्ट म्हणाला. "कारण दोघीही खाली रडत असायच्या. वेगवेगळ्या दिवशी."

इर्मगार्डनं नाक पुसलं. आनिकानं हळूच सगळ्यांच्या कपात कॉफी ओतली. ब्रेमेनकडची माणसं अशा वेळी हेच करतात.

वालबुर्गानं मान वर केली. "नाही जमायचं हे," ती म्हणाली.

"का, आत्या?"

"न्यायाधीश विचारतील, करासाठी करताय का? मी काय सांगू? नाही म्हटलं तर खोटं. हो म्हटलं तर ते अर्ज फेटाळतील. 'थोडंसं' म्हटलं तर हसतील. आणि शनिवारी पापनिवेदनाला पाद्रीबाबांपुढे पुन्हा तेच. नाही बाबा. माझ्या मनात खरं होतं ते मी आज करात कालवलं. इर्मगार्ड, चुकलं माझं."

झालं. रस्ता बंद. योस्टनं आनिकाकडे बघितलं, आनिकानं खिडकीबाहेरच्या सफरचंदाच्या झाडाकडे. तिथे झोपाळा बांधायचा तिचा बेत होता. एप्रिलनंतर तिथे दुसऱ्याच कोणाचा झोपाळा लागणार होता, आणि त्यांना दोघांना म्युन्स्टरच्या बाहेर कुठेतरी तिसऱ्या मजल्यावर भाडं भरायचं होतं.

इर्मगार्डही खिडकीबाहेरच बघत होती. पण झाडाकडे नाही. अंगणात, झाडापलीकडे, हिल्डे उभी होती.

हिल्डे म्हणजे एवाल्डचं चाकांवरचं घर. क्रीम रंगाचं, बाजूला तपकिरी पट्टा, आत दोन पलंग, शेगडी आणि पडदे. दोन गल्ल्या ओलांडायच्या असल्या तरी तो तिच्यातूनच यायचा. उन्हाळ्यात तो तिला हॉलंडच्या किनाऱ्यावर न्यायचा आणि तिच्या टायरांची चौकशी बायकोच्या गुडघ्यांपेक्षा जास्त वेळा करायचा. इर्मगार्ड तिला उघडपणे सवत म्हणायची.

"अहो," ती म्हणाली, "शेजारचे क्लेमेन्स अजून मागे लागलेत का हो हिल्डेच्या?"

एवाल्डचा चेहरा उतरला. "कशाला?"

"किती द्यायला तयार होते?"

"ते आपलं गमतीनं—"

"बावीस हजार म्हणाले होते, बाबा," योस्ट म्हणाला. "नाताळात. मी होतो तिथे."

"मागच्या चाकाचा बेअरिंग बदलायचाय तिचा! मी फसवू का शेजाऱ्याला?"

"मग एकवीस," वालबुर्गा म्हणाली. तिला हिशेब करताना कोणी ऐकलं नव्हतं, पण बेअरिंगची किंमत तिनं अचूक वजा केली.

"ताई, तू पण?"

"घरातल्या घरात कर लागत नाही असं कोण म्हणालं होतं, एवाल्ड?"

"आरशात न बघता वळलात," इर्मगार्ड म्हणाली. "तुम्हीच शिकवता ना, आरशात न बघता वळलं की काय होतं?"

"दंड," एवाल्ड क्षीण आवाजात म्हणाला.

"बाबा, आम्ही परत करू," आनिका घाईनं म्हणाली. "दर महिन्याला थोडे थोडे. खरंच."

"परत नको," एवाल्ड म्हणाला. त्याला एकदम वाटलं, की निदान हे तरी आपण आपल्या तोंडानं म्हणावं. "दंड परत घेत नसतात." मग तो उठला, कोट घातला आणि अंगणात गेला. खिडकीतून सगळ्यांना दिसलं, त्यानं हिल्डेचं दार उघडलं, आत जाऊन बसला आणि पडदा ओढून घेतला.

"बसू दे," इर्मगार्ड म्हणाली. "मी कॉफी नेऊन देईन थोड्या वेळानं."

योस्टनं आईचा हात धरला. मग त्यानं तिच्या ताटलीतला उरलेला केक खाल्ला. लहानपणीही तो असंच करायचा.

दोघी बायकांनी टेबल आवरायला घेतलं. स्वयंपाकघरात वालबुर्गा धुवत होती, इर्मगार्ड पुसत होती.

"वन्सं," इर्मगार्ड म्हणाली, "आधी कर भरा. पूर्ण. दीडशेसकट. घर त्याच्या नावावर चढू द्या."

"हो."

"आणि मग, एक पैसा वाचणार नसताना, तुम्हाला तो हवा असेल, तर जा न्यायालयात. तेव्हा न्यायाधीशांनी विचारलं तर तुम्हाला खोटं बोलावं लागणार नाही. मी साक्षीला येईन. जिन्यात काय ऐकलं ते सांगेन."

वालबुर्गाच्या हातातून कप पाण्यात निसटला. तो फुटला नाही. तिनं तो पुन्हा शोधून काढला, आणि आधीच स्वच्छ झालेला कप पुन्हा धुतला.

"मोठ्या माणसाला दत्तक घेतलं तरी," इर्मगार्ड पुढे म्हणाली, "पहिली आई आईच राहते म्हणे. मघाशी विचारलं मी. आनिका म्हणाली."

"राहायलाच हवी."

"पण नाताळच्या आदल्या संध्याकाळी तो माझ्याकडेच जेवणार."

"साहजिक आहे," वालबुर्गा म्हणाली. तिनं कप इर्मगार्डच्या हातात दिला. "आणि नाताळच्या पहिल्या दिवशी?"

"पहिल्या दिवशीही माझ्याकडे."

"दुसऱ्या दिवशी?"

इर्मगार्डनं कप पुसला, उजेडाकडे धरून बघितला आणि कपाटात ठेवला. बाहेर हिल्डेच्या पडद्यामागे दिवा लागला होता.

"दुसऱ्या दिवशी," ती म्हणाली, "दुपारच्या जेवणानंतर. आणि आम्ही सगळेच येऊ."